दीड रुपयाचा संगणक

आयकराच्या हिशेबात संगणक कधी मरत नाही. त्याच्यावर घसारा धरायचा तो दरसाल ४० टक्के आणि तोही उरलेल्या किमतीवर. ४०,००० रुपयांना घेतलेलं यंत्र पहिल्या वर्षाअखेर २४,०००वर येतं, दुसऱ्या वर्षी १४,४००वर, तिसऱ्या वर्षी ८,६४०वर. दहा वर्षांनी वहीत २४२ रुपये उरतात आणि वीस वर्षांनी जेमतेम दीड रुपया. शून्य काही येत नाही. उरलेल्या वाटेचं अर्धं, मग त्याचं अर्धं असं चालत राहिलं तर माणूस मुक्कामाला पोचणारच नाही, हे ग्रीक झेनोचं कोडं आपले सीए दर मार्चअखेर चहा पिता पिता मार्गी लावतात. कंपनी कायद्याला एवढी सवड नाही. २०१३च्या कायद्यानं डेस्कटॉपचं आयुष्य तीन वर्षं धरलं, शेवटी उरणारी किंमत मूळ किमतीच्या फार तर ५ टक्के, विषय संपला. सरकारी कचेरीची तऱ्हा आणखी निराळी. तिथे यंत्र डेड स्टॉक रजिस्टरात बसतं आणि निर्लेखनाच्या कागदावर सह्या होईपर्यंत कोपऱ्यात, धुळीत, वर्षानुवर्षं ‘आहे’ म्हणून नोंदलेलं राहतं.

या सगळ्यांपेक्षा भंगारवाल्याचा काटा मला प्रामाणिक वाटतो. छत्रपती संभाजीनगरात जाफरगेटचा रविवारचा बाजार असो की गल्लीत हाळी देत फिरणारा हातगाडा, उत्तर एकच मिळतं : “साब, चालू-बंद से हमको मतलब नहीं, तौल के लेंगे.” कॅबिनेट लोखंडाच्या भावात, पॉवर सप्लाय आतल्या तांब्याकडे बघून, वायरी वेगळ्या, बोर्ड वेगळे. बोर्डातही जाणता भंगारवाला जुने आणि नवे निवडून ठेवतो, कारण जुन्या कारखानदारांचा सोन्याच्या मुलाम्याचा हात सढळ होता. १९९५ साली आलेला इंटेलचा पेंटियम प्रो हा चिनीमातीच्या पाठीचा जाडजूड प्रोसेसर या धंद्यात सगळ्यांचा लाडका. त्यात सोनं भरपूर, म्हणून तो आम्लात गेला, आणि आम्लात गेला म्हणून आता मिळत नाही. सोनं तोळ्यामागे लाखाच्या वर गेल्यापासून तर जुन्या संगणकाचा खरा शत्रू गंज नव्हे, सराफा आहे.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. जुन्या, विरलेल्या पैठण्या घरोघरी फिरून विकत घेणारे लोक असत. ते लुगडं बघत नसत, जर बघत. कापड जाळायचं आणि राखेतून चांदी काढायची. ज्या बाईनं ती पैठणी विकली तिला त्या दिवशी योग्यच भाव मिळाला असणार, धातूचा भाव होता तेवढा मिळाला. आज तशीच जुनी पैठणी संग्रहालयात काचेमागे ठेवतात आणि तिच्या पदराचे फोटो अभ्यासक मोठे करून बघतात. जळल्या त्यांच्यामुळे उरल्या त्यांची किंमत वाढली, हे बोलायला क्रूर आहे, पण तसंच आहे.

मायकेल थॉम्पसन या इंग्रज अभ्यासकानं १९७९ साली ‘रबिश थिअरी’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की वस्तूंचे दोन वर्ग आपल्याला दिसतात : एक, ज्यांची किंमत रोज उतरते, दुसरा, ज्यांची चढत जाते. पहिल्यातून दुसऱ्यात थेट उडी मात्र घेता येत नाही. मध्ये कचऱ्याचा पट्टा लागतो, जिथे वस्तूला किंमतच नसते आणि म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्षही नसतं. या पट्ट्यात बहुतेक वस्तू नष्ट होतात. ज्या कोणाच्या तरी आळसामुळे, पोटमाळ्यामुळे किंवा हळवेपणामुळे वाचतात, त्यातल्या काही पलीकडे निघतात. व्हिक्टोरियन काळातली रेशमी विणकामाची चित्रं त्यानं उदाहरणाला घेतली होती. आपल्याकडचे १९८५ ते २००० या काळातले डेस्कटॉप आज नेमके त्या मधल्या पट्ट्यात आहेत. त्यांची किंमत करायची म्हणजे एखादी वस्तू पलीकडे निघेल की नाही याचा अंदाज बांधायचा. हे काम अधूनमधून माझ्याकडे येतं, आणि त्यात चूक-बरोबर ठरायला इतकी वर्षं लागतात की मूल्यमापकाला अब्रूची फारशी भीती नसते.

लोक येतात ते बहुधा एक बातमी डोक्यात घेऊन. ‘अ‍ॅपलचं जुनं मशीन कोट्यवधींना गेलं म्हणे.’ गेलं, खरं आहे. १९७६ साली ६६६ डॉलर ६६ सेंटला विकलेला अ‍ॅपल-१ ऑक्टोबर २०१४ मध्ये बोनम्सच्या लिलावात ९,०५,००० डॉलरला हेन्री फोर्ड संग्रहालयानं घेतला. पण मुळात ते बोर्ड बनलेच दोनशेच्या आसपास, आणि त्यामागे ती गॅरेजची कथा आहे, जी आता अर्ध्या जगाला पाठ आहे. नुसत्या वयाला कोणी पैसे देत नाही. तुमच्या कपाटातला पेंटियम-३ पंचवीस वर्षांचा असेल, पण त्याला कोट्यवधी भाऊ आहेत, पुतणे आहेत, आणि त्याची कथा सांगणारं कोणी नाही. दुसरी अडचण अशी की लोक इंटरनेटवर मागितलेली किंमत बघतात. मागायला काय लागतं? भाव तो, ज्याला सौदा झाला आणि माल हलला. चौदा इंची पिक्चर ट्यूबचा मॉनिटर जर्मनीतल्या हौशी माणसाला कितीही हवा असला तरी इथून तिथे पाठवायचा खर्च त्याच्या किमतीच्या वर जातो. म्हणजे संभाजीनगरच्या मॉनिटरला संभाजीनगरचंच गिऱ्हाईक हवं, फार तर पुण्याचं, स्वतःची गाडी घेऊन येणारं.

मॉनिटरवरून आठवलं. संगणकाच्या सगळ्या भागांत कायदेशीर विल्हेवाट लावताना उलट पैसे मोजावे लागतील असा भाग हाच. ट्यूबच्या मागच्या फनेलच्या काचेत शिसं असतं, आणि ती काच परत वितळवून घेणारे कारखाने उरले नाहीत, कारण ट्यूबच कोणी बनवत नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत होते, त्या काळात या शहरातल्या कितीतरी घरांची चूल ट्यूबवर पेटत असे. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता ती ट्यूब ऋण किमतीची वस्तू झाली आहे. आणि गंमत म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना तीच हवी असते, सपाट पडद्यावर त्यांना मजा येत नाही.

हौस आणि भंगार यांच्यामधे या शहरात आणखी एक भाव आहे, आणि तो मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना कळत नाही. वाळूज आणि चिकलठाणा इथल्या कारखान्यांचा. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणारी लहान-मोठी वर्कशॉप उभी राहिली. त्यातल्या एखाद्यात आजही डॉसवर चालणारं तपासणीचं किंवा कटिंगचं यंत्र असतं. यंत्र धडधाकट, त्याची किंमत लाखांत. पण ते चालवणारं कार्ड बसतं ते जुन्या, लांब, काळ्या आयएसए स्लॉटमध्ये. २०००नंतरच्या बोर्डांतून हा स्लॉट हळूहळू गेला. एक दिवस मेंटेनन्सचा माणूस हातात मेलेला बोर्ड घेऊन फिरतो आणि त्याला हवा असतो तसाच दुसरा, आजच्या आज, कारण उद्या माल द्यायचाय. त्याला रंग पिवळा पडलाय का, खोका आहे का, याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो घासाघीस करत नाही. शनिवारी संध्याकाळी त्याच बोर्डाला त्यानं दिलेला भाव सोमवारी कोणी देणार नाही. किंमत वस्तूत असते असं मानणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना एकदा वाळूजला न्यावं.

मला स्वतःला जास्त कोड्यात टाकलं ते एका प्रेसवाल्या काकांच्या यंत्रानं. जुन्या शहरात त्यांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, एक-दोन दिवाळी अंक. मुलानं सगळं नवं केलं, जुनं माळ्यावर गेलं, आता माळा मोकळा करायचाय. “सर, मशीन चालू असतानाच बंद केलेलंय. बघा काय येतंय ते.” हे ‘चालू असतानाच बंद केलेलं’ वाक्य मी फार ऐकतो. ते खरंही असतं आणि त्याला काही अर्थही नसतो, कारण संगणक बंद असतानाच जास्त सडतो. त्यांनी वायर लावायला घेतली तेव्हा मी हात धरला. इतक्या वर्षांनी थेट वीज द्यायची नसते. आधी उघडायचं, बघायचं, हुंगायचं.

चार स्क्रू, पत्रा सरकवला. आत पालीच्या अंड्यांची टरफलं आणि गालिच्यासारखी धूळ. बोर्ड ४८६चा. की-बोर्डच्या सॉकेटशेजारी निळी, नळकांड्यासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी, घड्याळ चालू ठेवणारी. तिच्या दोन्ही टोकांना हिरवट-पांढरी बुरशी आलेली. ती बुरशी नव्हे, गळलेला अल्कली. तो तांब्याच्या केसाएवढ्या रेषा खात खात प्रोसेसरच्या सॉकेटपर्यंत पोचला होता. अशा वेळी कापसावर व्हिनेगर घेऊन पुसायचं म्हणजे अल्कली मरतो. पण खाल्लेल्या रेषा परत येत नाहीत, त्या एकेक वायर जोडून भराव्या लागतात. ती बॅटरी कोणी वेळेवर कापून टाकली असती तर बोर्ड वाचला असता. त्या काळातल्या हजारो बोर्डांचं मरण याच एका चिमुकल्या नळकांड्यानं लिहिलं. २०००च्या पुढेमागे बनलेल्या बोर्डांचं दुखणं वेगळं, तिथे कपॅसिटरची डोकी फुगतात. कमअस्सल द्रावण भरलेले ते कपॅसिटर जगभर फुटले.

बोर्ड गेला, म्हणजे संग्राहकाच्या फूटपट्टीनं यंत्र गेलं. पण एका स्लॉटमध्ये जिस्ट कार्ड होतं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं काम पुढे पुण्याला सी-डॅकमध्ये आलं, त्याचं हे फळ. हे कार्ड घातलं की इंग्रजीपलीकडे काही न येणारा डॉस देवनागरी दाखवू लागे. काकांनी त्याच्या मदतीनं अंकाच्या वर्गणीदारांचे पत्ते ठेवले होते. मागच्या प्रिंटर पोर्टला फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, करंगळीएवढं, अजून खोचलेलं. ते काढलं की सॉफ्टवेअर चालत नसे. पुढे युनिकोड रुळला आणि हे सगळं मागे पडलं. पण त्याआधी प्रत्येक फॉन्टवाल्याची सांकेतिक मांडणी आपापली होती, त्यामुळे तेव्हा जुळवलेला मजकूर आजच्या संगणकावर उघडला तर इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी दिसते. तो हमखास नीट वाचता येतो तो तेच सॉफ्टवेअर, तेच फॉन्ट आणि तेच लॉक असेल तिथे.

त्या कार्डाला भाव काय सांगायचा? साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचा भाव सांगता येतो, व्हूडूच्या ग्राफिक कार्डाचा तर कोणीही सांगेल. जगभर रोज सौदे होतात. जिस्ट कार्डाला तुलनेला घ्यावा असा एक सौदा मला सापडला नाही. एचसीएल, विप्रो, झेनिथ, पीसीएल यांच्या यंत्रांचं तेच. १९७८मध्ये आयबीएम भारतातून गेली, नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणानं आयात सैल झाली, आणि पुढची काही वर्षं आपल्या बँकांत, कारखान्यांत, कॉलेजांत जे डेस्कटॉप आले त्यावर या देशी कंपन्यांची नावं होती. परदेशी किंमतयादीत त्यांना एकच खाना आहे : ‘नक्कल’. १९८४-८५मध्ये ‘क्लास’ योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो दिले गेले, त्याची देशी आवृत्ती मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ‘युनिकॉर्न’ नावानं काढली. इंग्लंडमधल्या बीबीसी मायक्रोचा भाव मिनिटात कळतो, युनिकॉर्नचा कळत नाही. दोन्हींपैकी काहीही हाती लागलं तर पॉवर सप्लाय आधी बघा. त्यातले जुने कागदी कपॅसिटर वीज लागताच घरभर धूर करतात.

मला यात एक गोष्ट खटकते. किंमत करायची भाषा आपण बाहेरून घेतली, आणि त्या भाषेत आपल्या वापराच्या खुणांना दोष म्हणतात. काकांच्या कॅबिनेटवर पुढच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक होतं, खंडेनवमीच्या पूजेचं, एकावर एक काढलेलं, प्लास्टिकात मुरलेलं. सरकारी यंत्रांवर तर पांढऱ्या ऑइलपेंटनं डेड स्टॉक नंबर आणि ‘औ’बाद’ असं रंगवलेलं असतं. शहराचं नाव बदललं, रंग गेला नाही. बाहेरच्या दर्जायादीत हे सगळं ‘डाग’. संग्राहक असे डाग पुसतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइड लावून कॅबिनेट उन्हात ठेवतात, पिवळेपणा जातो, यंत्र कालच घेतल्यासारखं दिसतं. माझं मत उलट आहे आणि ते मी काकांना सांगितलं : कुंकू पुसू नका. तैवानमध्ये बनलेला पत्रा आणि मलेशियात बनलेली चिप या यंत्राला इथलं करत नाहीत. ते कुंकू करतं, तो नंबर करतो, बिलाच्या कागदावरचा दुकानाचा शिक्का करतो. जाळलेल्या पैठण्यांतून चांदी नीट निघाली, कोणत्या घरची, कोणी विणली, ते राखेत गेलं.

राहता राहिली हार्ड डिस्क, आणि इथे खरी पंचाईत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात बाजाराच्या अधिकाऱ्याचं काम सांगितलंय. जुन्या मालाची विक्री किंवा गहाण होऊ द्यायचं ते मालकी स्वच्छ सिद्ध झाल्यावरच, असा तिथला नियम. वजनमापं आणि नफा यांचे नियम तिथे आहेतच. जुन्या मालाला पहिला प्रश्न : हे तुझंच आहे का? काकांचं खोकं त्यांचंच, शंका नाही. पण डिस्कवरचे वर्गणीदारांचे पत्ते, कोणाच्या लग्नाच्या याद्या, संस्थेचे जमाखर्च, ते काकांचे कसे? फॉरमॅट मारल्यानं ते जात नाहीत, काढणारा काढतो. म्हणून विकायचं तर डिस्क पुरती पुसून किंवा काढून विकायची. आणि पुसली की त्या यंत्रात जे एकमेव अनमोल होतं ते गेलं : एका प्रेसनं वर्षानुवर्षं जुळवलेला मराठी मजकूर. विकण्यालायक करायचं म्हणजे राखण्यालायक उरू द्यायचं नाही, असा हा पेच आहे, आणि त्यातून निघायला एकच वाट मला दिसते : विकण्याआधी मजकूर उतरवून घेणं, जोवर लॉक चालतंय तोवर.

काकांना मी एकच आकडा लिहून दिला. यंत्रासोबतच्या टीव्हीएस गोल्ड की-बोर्डाचा, कारण जुन्या गोल्डमध्ये चेरीचे निळे स्विच असतात, टकटक आवाजावर जीव टाकणारी तरुण पोरं तो हमखास घेतात, आणि त्याचा भाव सांगता येतो. बाकी बोर्डाला भंगाराचा भाव. कार्डाच्या आणि लॉकच्या पुढे मी ‘विकू नये’ असं लिहिलं. काका नाराज झाले. त्यांना माळा मोकळा करायचा होता, सल्ला नको होता. आणि त्यांचंही चुकलं नाही.

तुमच्या घरी, दुकानात, शाळेच्या स्टोअररूममध्ये असं यंत्र असेल तर विकायला माझी हरकत नाही. मोठ्या संस्थांनी १ एप्रिल २०२३पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम बघून नोंदणीकृत व्यावसायिकाकडेच द्यावं. पण त्याआधी एवढं करा. वायर लावू नका. पत्रा उघडा, बॅटरी कापून काढा. आतल्या कार्डांचे आणि बाहेरच्या खुणांचे फोटो काढा, पुसापुशी नंतर. बिल असेल तर यंत्राला चिकटवून ठेवा. डिस्क वेगळी काढा आणि तिच्यावर कंपनीचं नाव, साल आणि कोण काय काम करत होतं ते मराठीत लिहून ठेवा. आणि देवनागरीचं कार्ड किंवा फॉन्टचं लॉक सापडलं तर किलोवर देऊ नका.